नको म्हणणाऱ्या अक्का

विकायला आलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द 'नको' निघतो, हे मी आयुष्यात एकाच माणसाचे पाहिले. ते माणूस म्हणजे कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीच्या अक्का. लोकांचे पैसे म्युच्युअल फंडात गुंतवून देणे हा त्यांचा धंदा. कुणी हौसेने विचारावे, "अक्का, अमक्या योजनेत टाकू का?" की स्कूटी स्टँडवर लावता लावताच त्या म्हणायच्या, "नको." मग चहा व्हायचा, चौकशी व्हायची, आणि बऱ्याचदा तो 'नको' शेवटपर्यंत टिकायचा. अशाने हिची चूल पेटते कशी, हा सगळ्या गल्लीला पडलेला प्रश्न होता. गल्लीने त्यांचे नावच 'नको-अक्का' पाडले होते आणि त्या नावाला त्या बिनतक्रार ओ देत.

सही पुरुषाची असली तरी स्वयंपाकघरातल्या बाईला बाहेर बोलावल्याशिवाय अक्का पेनाचे टोपण काढत नसत. "वैनी, भायेर या की. सही ह्यांची, पर पैसं अडकलं की निस्तरायला तुमीच." मग त्या घराला तीनच प्रश्न विचारत. पैसे कधी लागणार, कशाला लागणार, आणि निम्मे झालेले दिसले तर घास उतरेल का. स्वतःला किती कमिशन मिळणार तेही मोठ्याने सांगत. पुढे ते सांगणे नियमाने सक्तीचे झाले, तेव्हा बाकीचे एजंट कपाळाला हात लावून बसले. अक्का म्हणाल्या, "बरं झालं. आता मी एकटीच येडी न्हाय."

मग नियम येतच राहिले. गिऱ्हाइकाला किती जोखीम झेपते हे लेखी घ्यायचे, असा एक कागद आला. आठ-दहा प्रश्न आणि शेवटी खूण करायची: कमी, मध्यम, जास्त, खूप जास्त. कागद काढणाऱ्याचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. फक्त त्याने कोल्हापूर पाहिलेले नव्हते. ज्याने जन्मात एकदा तरी तालमीची माती अंगाला लावली आहे, तो गडी 'कमी'वर खूण करेल? आपल्यात दम नाही असे स्वतःच्या सहीने लिहून देण्यापेक्षा त्याने मिशी काढून दिली असती. गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांनी 'खूप जास्त'वर खूण केली, अगदी काठी टेकत चालणाऱ्यांनीसुद्धा.

माझे आबा तर खरेच पैलवान. साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. हाती आलेल्या पैशांतून वर्षभरात आईच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन करायचे होते. आईला तेव्हा उंबरा ओलांडतानाही चौकट धरावी लागे. पण तालमीतल्या एका गृहस्थांनी छोट्या कंपन्यांच्या फंडात आपले पैसे दुप्पट झाल्याचे सांगितले आणि आबा पेटले. सगळी रक्कम त्यातच टाकायची. कागदावर 'खूप जास्त' आणि खाली झोकदार सही.

त्या दिवशी अक्कांबरोबर फंड कंपनीचे साहेब आले होते. कागद पाहून ते खूश झाले. "अक्का, ग्राहकाची खूण आहे, सही आहे. नियमाप्रमाणे आपण सुटलो."

"तुमी सुटला," अक्का म्हणाल्या. "मला उद्याबी ह्याच गल्लीतनं जायाचं हाय." आणि त्यांनी तो कागद सगळ्यांदेखत टराटरा फाडला.

आबांचा पारा चढला. "अक्का, मला भित्रा समजलायसा व्हय?"

"पैलवान, कुस्ती जोड बघूनच धरत हुतासा न्हवं? का दिसंल त्येच्यासंगं?" असे म्हणून त्यांनी आईला हात धरून आणले आणि आबांच्या समोरच्या खुर्चीत बसवले. दुसरा कोरा कागद पुढे ठेवला. "आता हिच्या गुडघ्याकडं बघून खूण करा. मिशीकडं बघून न्हाय."

आबांनी एकदाची खूण केली आणि कागद चटकन पालथा घातला. पैसे बँकेतल्या साध्या मुदत ठेवीत गेले. अक्कांना त्यात दमडी मिळाली नाही आणि साहेबांचा चहा गार झाला. वर्षभराने आईचे ऑपरेशन झाले तेव्हा बाजार सपाटून आपटलेला होता, आणि तालमीतल्या त्या गृहस्थांनी फंडाचा विषयच सोडला होता. पण आबांनी अक्कांचे आभार कधी मानले नाहीत. उलट, त्या कागदावरची खूण घराबाहेर कुणाला कळता कामा नये, असा आम्हाला दम होता.

पुढचा नियम थेट अक्कांच्या दारावर आला. त्यांच्या पाटीवर 'गुंतवणूक सल्लागार' असे होते. आता सल्लागार म्हणवून घ्यायला वेगळी नोंदणी हवी, कमिशनवर फंड विकणाऱ्याने तो शब्द वापरायचा नाही. मला वाटले, अक्का भांडतील. त्यांनी पेंटरला बोलावून तो शब्द खरवडून घेतला. "नियम बराबर हाय की. पाटीवर सल्ला आन पिशवीत भलतंच, असली लई झाल्यात."

"मग आता लोकांनी विचारलं तर?" मी म्हटले.

"'घे' म्हणायला परवाना लागंल. 'नको' म्हणायला कुणाच्या बाचा लागतोय? त्यो मी मरस्तवर फुकट देतो." कोल्हापूरच्या बाईला 'देते' म्हणवत नाही, आणि अक्कांना तर मुळीच नाही. पाटीवरची खरवडलेली जागा त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. तालमीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तेच साहेब आले होते, आता बरेच वर चढलेले. माइकवर म्हणाले, "अक्कांनी आयुष्यात एकही नियम मोडला नाही." लोकांनी माना डोलावल्या.

मागून आबा उठले. त्यांना माइक लागत नाही. "खोटं हाय. माझा सही केल्याला कागूद फाडला हुता तिनं. तुमच्याच म्होरं."

तालमीची चार पिढ्यांची माणसे वळून बघत होती.

"आन दुसऱ्या कागदावर मी 'कमी'वर खूण केली हुती. ह्या पैलवानानं. ऐकू आलं का समद्यास्नी? कमी!"

कुणीही हसले नाही. घरात आबांनी जिंकलेली गदा आहे, पण तिचाही मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

सभा संपली. आई खुर्चीतून कुणाचा हात न धरता उठली, अक्कांच्या फोटोला तिने फूल वाहिले, आणि घरापर्यंत आबांच्या चार पावले पुढे चालत गेली.