आमच्या जर्मनच्या बाई आणि दुसऱ्याचा कर

पुण्यात आपल्या कामाचे पैसे वेळेवर, पूर्ण आणि योग्य तेवढाच कर कापून मिळवणारी एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे, आणि ती म्हणजे आमच्या जर्मनच्या बाई. बाकीचे आम्ही सगळे, म्हणजे कोणी तीन महिन्यांच्या तर कोणी सहा आठवड्यांच्या करारावर सॉफ्टवेअर कंपन्यांची भाषांतरं करणारे लोक, देतील ते घेत होतो आणि कापतील ते कापू देत होतो. शहरात तेव्हा रोज एक काचेची इमारत उभी राहत होती, प्रत्येक इमारतीत कोणाला तरी जर्मन यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीत हवी असायची, आणि काम मिळतंय याचंच एवढं अप्रूप होतं की पैशांचं विचारणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी मीठ मागण्यासारखं वाटे. बाई मीठ मागत, आणि कमी पडलं तर पुन्हा मागत.

तीस वर्षं कॉलेजात जर्मन शिकवून निवृत्त झाल्यावर बाईंनी ही कामं घ्यायला सुरुवात केली. धायरीला दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. केस बारीक कापलेले, पायात पुरुषी सँडल आणि खांद्यावर खाकी कापडाची पिशवी, असा त्यांचा अवतार. करार हातात आला की आधी त्यातलं इंग्रजी दुरुस्त करायच्या आणि मगच सही करायच्या. एका कंपनीच्या माणसाने नमुना म्हणून दहा पानं फुकट करून मागितली, तेव्हा बाईंनी त्याला विचारलं होतं, "हॉटेलात दहा इडल्या नमुना म्हणून मागता का आपण?" दुसऱ्याने बजेट अर्धंच असल्याचं सांगितलं. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "काही हरकत नाही, अर्धं करून देते. कुठलं अर्धं हवंय? यंत्र चालू करायचं, की बंद करायचं?" हिंजवडीला जायच्या-यायच्या रिक्षाभाड्यावर एकाने कर कापला, तर बाईंनी त्याला पत्र लिहून कळवलं की रिक्षावाल्याचं उत्पन्न आपल्या नावावर घालण्याइतकी आपली आणि रिक्षावाल्याची ओळख नाही. बिलाचे पैसे महिन्याभरात आले नाहीत तर स्मरणपत्र क्रमांक एक जाई, मग क्रमांक दोन. क्रमांक तीन कधी कोणी पाहिलं नाही. ते येण्याआधीच लोक पैसे देत.

मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. त्यांच्याच ओळखीने मला कर्वेनगरच्या एका कंपनीत वर्षभर काम मिळालं होतं. दर बिलातून दहा टक्के कर कापला जाई आणि तो सरकारकडे जातो, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचं सर्टिफिकेट मागायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि बाईंनी सांगितलं होतं ते मी ऐकलं नव्हतं. मग एके दिवशी इन्कमटॅक्सची नोटीस आली. माझ्या नावावर कर जमाच नव्हता, सबब सगळा कर व्याजासकट भरावा. मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे काढून मोकळं व्हायचं ठरवलं. जाता जाता बाईंना फक्त विचारावं, म्हणून धायरीला गेले.

बाईंनी नोटीस एकदा वाचली. मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. त्यानंतर आतून एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. लोकांचा कर कॉम्प्युटरवर दिसायला तेव्हा नुकताच लागला होता, बाईंच्या स्वतःच्या नावावरच्या कराचा तो छापील उतारा होता.

"दीड महिना मी या माणसाला शोधतेय," बाई म्हणाल्या. "माझा स्वतःचा कर गायब आहे, आणि त्याच्या जागी त्या कर्वेनगरच्या कंपनीने कोणाचा तरी भलताच मोठा आकडा माझ्या नावावर घातलाय. कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, की जास्तच दिसतंय ना मॅडम, मग तक्रार कसली?"

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. आकडा रुपयान् रुपया माझाच होता.

"म्हणजे माझा कर तुमच्या नावावर आहे?"

"होय. आणि तो मला नकोय. दुसऱ्याचा कर अंगावर घेऊन मी विवरणपत्र भरणार नाही. तू भरायला निघाली होतीस ना? एकदा कापून घेतलेला कर दुसऱ्यांदा भरायचा? सरकारला देणगीच द्यायची असेल तर वेगळी देता येते. उद्या दहा वाजता तयार राहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीत गेलो. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं सांगण्यात आलं. "असू देत," म्हणत बाई स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसल्या. त्यानंतर सलग चार दिवस आम्ही दहा ते पाच तिथे बसलो. मला लाजेने वर बघवत नव्हतं. बाईंनी मात्र डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली, झाडांना पाणी घालणाऱ्या बाईंशी खडकवासल्याच्या पाण्यावर चर्चा केली, आणि भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला कंपनीचा जर्मन परिचय वाचून त्यातल्या अकरा चुका कागदावर उतरवल्या. तिसऱ्या दिवशी तो कागद त्यांनी स्वागतकक्षातल्या मुलीकडे दिला. ती म्हणाली, "ओ वॉव, थँक्यू मॅम! याचे चार्जेस?" बाई म्हणाल्या, "चुका दाखवायचे घेत नाही. सुधारायचे घेते."

चौथ्या दिवशी दुपारी कंपनीचे अकाउंटंट खाली आले. चाळिशीचे, वर्ध्याकडचे गृहस्थ, पुण्यात येऊन वर्षच झालेलं. हातात फाईल होती आणि चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, सापडलं," ते हळूच म्हणाले. "तीन रात्री हेच करून राहिलो होतो. यादीत नावं बरोबर आहेत, पण पॅन नंबरचा रकाना एक ओळ वर सरकला. यांचं नाव पहिलं, तुमचं दुसरं. यांचा कर तुमच्यावर गेला, तुमचा त्या फ्रेंचवाल्यावर, त्याचा पुढच्यावर. सहाही जणांचं असंच झालं."

"मग दुरुस्ती करून पाठवा. त्यासाठी फॉर्म असतो."

"त्यावर साहेबांची सही लागते ना मॅडम. आणि यादी मीच बनवली होती. साहेब घरी पाठवतील मला. पोरीची शाळा आताच सुरू झाली इथं."

बाईंनी त्यांच्या हातातली फाईल घेऊन यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यांना कोणाच्याही चुकीची कधी दया आलेली मी पाहिली नव्हती; परीक्षेत अर्ध्या मार्कासाठी त्यांनी माझं वर्ष जवळजवळ घालवलं होतं. मग त्यांनी पिशवी खांद्यावर टाकली. "चला, मी येते बरोबर," त्या म्हणाल्या आणि थेट साहेबांच्या केबिनकडे निघाल्या. मागून अकाउंटंट आणि त्यांच्या मागून मी.

साहेब फोनवर होते. बाई समोर उभ्या राहिल्या आणि फोन संपेपर्यंत उभ्याच राहिल्या. "आपल्या कार्यालयाने सहा जणांचा कर चुकीच्या नावांवर भरलाय," त्या म्हणाल्या. "दीड महिना आपल्याला ते कळलं नाही. या गृहस्थांनी तीन रात्री जागून ते शोधून काढलं. दुरुस्तीच्या फॉर्मवर आपली सही हवी आहे. आणि असा माणूस दुसऱ्या कंपनीने नेला तर आपलं कठीण आहे, हे माझं वैयक्तिक मत."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. साहेबांनी अकाउंटंटकडे कौतुकाने पाहिलं आणि सही केली. जिन्यात येताच त्या गृहस्थांनी बाईंच्या पायाला हात लावला. बाई दोन पायऱ्या मागे सरकल्या. "अहो, पाया काय पडताय? पुढच्या वेळी रकाना बघा."

नोटीस रद्द व्हायला आणखी चार महिने गेले. त्या चार महिन्यांत दर सोमवारी बाईंचा फोन येई, "काही कळलं?" एवढाच. बाबांचं ऑपरेशन वेळेवर झालं. उरलेल्या चौघांपैकी दोघांनी बाईंना पेढे नेऊन दिले. बाकीच्या दोघांना आपला कर हरवला होता आणि सापडला, हे अजूनही माहीत नसावं.

पुढे बाईंची नजर अधू झाली, कामं थांबली आणि त्या शहराबाहेर मांजरी गावात भाचीकडे राहायला गेल्या. गेल्या महिन्यात भेटायला गेले होते. खुर्ची गॅलरीत ओढून उसाच्या शेतांमधल्या नव्या इमारतींकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यातलं त्यांना किती दिसत होतं कोण जाणे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी मला माझा सध्याचा दर विचारला. मी सांगितला. त्या म्हणाल्या, "वाढव."

"आत्ता मागितला तर काम जाईल, बाई."

"वाढव," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि माझा हात चाचपून आपल्या हातात घेतला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

घरी येऊन मी सध्याच्या कंपनीला दर वाढवून मागणारं पत्र लिहिलं. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं. परवा दुपारी उत्तर आलं. एका ओळीत, विनातक्रार मान्य. मी तशीच उठून बाईंना फोन लावला. भाचीने उचलला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय गं त्यांचा. हल्ली दुपारच्या झोपतात. उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपू देत."