ओळखीमुळेच काम अडलं!

मैत्रिणींनो, आज डोकं अगदी उठलंय, म्हणून लिहिते.

माझी लेक मानसशास्त्रात पीएचडी करतेय. दवाखान्यात पेशंटशी बोलायचं काम शिकल्याशिवाय पदवी मिळत नाही, म्हणून सध्या ती पिरंगुटच्या एका दवाखान्यात जाते. पण तिथं पेशंटच फिरकत नाहीत. म्हटलं, आपणच आणू.

रिहे गावच्या अक्का माझ्या चुलत नणंद. त्यांची सून बाळंतपणापासून गप्प गप्प असते, रात्रभर जागी. दत्तगुरूंना साकडं घातलं, अक्कांच्या विनवण्या केल्या, तेव्हा कुठे आज दोघी आल्या.

लेक दारातच म्हणाली, "आई, नात्यातल्यांना मी नाही बघू शकत. नियम आहे. इथलीच माझी मैत्रीण बघेल."

अक्का कडाडल्या, "वळखीवर तर आलो! आता वळख काय चुलीत घालू? परक्या पोरीफुडं घरचं कशाला काढायचं? चल गं!"

काय म्हणावं! सातबाऱ्यापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत आपल्याकडे सगळं ओळखीनं होतं. आणि इथं ओळखच आडवी?

लेकीवर धुसफुसतच दोघींना स्टॉपवर सोडायला गेले. अक्का बस बघायला पुढं झाल्या, तशी सून हळूच म्हणाली, "मामी, मला ती परकीच पायजे हुती. तुमच्या लेकीफुडं माझं तोंडच उघडलं नसतं."

मी काही बोलणार, तोवर बस आली आणि दोघी गेल्या.

आता अक्कांना न दुखवता त्यांच्या सुनेला परत कसं आणू? कुणाला काही सुचत असेल तर सांगा गं.