सुटीपर्यंत राखून ठेवलेली गाठ

"कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर हाणला. प्लास्टर उडालं. नवऱ्याने माझे हात धरले, तर त्यालाच ओरबाडलं.

चार वर्षांपूर्वी पुण्यात तपासणी झाली होती. फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे स्तनातली निरुपद्रवी गाठ. गोटीसारखी, बोटाखाली सटकणारी. तो रिपोर्ट मी लॅमिनेट करून शारजाच्या घरी कपाटात ठेवला होता. लॅमिनेट! अक्कल बघा माझी.

जानेवारीत गाठ मोठी आणि घट्ट लागली, सटकेना. मग कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत ओढलं गेलं. एकदा ब्लाउजला रक्ताचा डाग. दुखत मात्र काही नव्हतं. म्हटलं, जूनमध्ये सुटीला गेलं की दाखवू. आम्ही आखातातली माणसं दात, चष्मा, गुडघे, सगळं सुटीपर्यंत राखून ठेवतो. नवऱ्याने मार्चमध्ये शारजातच दवाखान्यात ओढत नेलं, तेव्हा बायॉप्सी झाली. म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं.

डॉक्टर मल्याळी, हिंदीत बोलायच्या. "जुनी गाठ आजही निरुपद्रवीच आहे. तशा गाठीचा सहसा कॅन्सर होत नाही. हा तिच्या शेजारी नवा उगवलाय. तुम्ही दोन्हींना एकच समजलात."

मॅस्टेक्टॉमी झाली, म्हणजे अख्खा स्तन काढला. केमोत केस गेले त्या दिवशी मी खलबत्त्यातला बत्ता घालून बाथरूमचा आरसा फोडला. मुलगी दाराबाहेर "मम्मा, प्लीज स्टॉप इट" करत रडत होती. मग तो रिपोर्ट फाडायला घेतला. फाटेना मेला! दातांनी ओढला, शेवटी मटणाच्या सुरीने तुकडे केले.

बायांनो, जुना रिपोर्ट जुन्या गाठीचा असतो. काही बदललं की त्याच आठवड्यात दाखवा.

मी वाचले. दोन वर्षांनी माझी जाऊ, वरच्याच मजल्यावर राहणारी, चहा पिताना म्हणाली, "मलाही लागतंय गं काहीतरी. जूनमध्ये बघू."

मी तिचं मनगट धरलं आणि तिला गाऊनवरच लिफ्टमध्ये कोंबलं. "सोड ताई, दुखतंय!" ती किंचाळत होती. मी तिला एक ठेवून दिली आणि टॅक्सीवाल्याला म्हटलं, यल्ला, चल लवकर, हॉस्पिटल.

रिपोर्ट चांगला आला. ती अजून माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. पण परवा तिच्या मुलीकडून कळलं, या वर्षी पुन्हा तपासून आली. जूनच्या आधी.