दारातली हरळी

लढाई संपली आणि आमचे हे सुभेदारीची पेन्शन घेऊन कुंडलजवळच्या आमच्या गावी परतले. येताना एक खूळही घेऊन आले. छावणीत साहेबांच्या बंगल्यापुढं हिरवळ असते, तशी आपल्या दारात हवी! आणि हिरवळ कशाची, तर हरळीची. उसातून जी खणून काढताना आम्हा बायकांच्या कमरा मोडतात, ती हरळी यांनी बांधावरून टोपल्या भरभरून आणली. गाव खूश. "आमच्यातली बी न्या की सुभेदार, पार मुळासकट न्या," असं लोक घरी येऊन सांगत.

हिरवळ आली छान, नाही कशाला म्हणू? पण ती सगळ्यात आधी कुत्र्यांना आवडली. गावातली झाडून सारी कुत्री तिथं लोळायला, उकरायला आणि नको ते करायला येऊ लागली. जिथं मुतत तिथलं गवत पिवळं पडून जळे. मग हे तिथं घागरभर पाणी ओतत, जळकी माती काढत, चाळलेलं शेणखत घालून हरळीचे तुकडे रोवत आणि वर उभं राहून पायांनी माती दाबत. घरापुढं चाललेली ती कवायत बघून मी पदराआड हसायची.

एवढं करूनही हे सकाळी मळ्यातून परत येत, तोवर हिरवळीला कुठंतरी नवं टक्कल पडलेलंच असे. खापर फुटलं आमच्या तांबड्या कुत्र्यावर. हे लढाईवर होते तेव्हा माझ्या दाराशी तोच पडून असायचा, त्याच्या जिवावर मी निर्धास्त झोपले. आणि आता म्हणे, कवठे महांकाळकडची मेंढरं आली की त्याला मेंढपाळांच्या हवाली करायचं.

मी कुत्र्याला गोठ्यात बांधून ठेवलं. टक्कल पडलंच. तेव्हा यांना म्हटलं, "आवं, एक दिस मळ्यात जाऊ नगा. हितंच थांबून बघा."

सकाळी आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो. कुत्रं एकही आलं नाही. आल्या त्या सासूबाई, हातात खुरपं घेऊन. खाली बसून त्या सराईत हातानं हरळी मुळासकट ओढू लागल्या.

"आई, ही म्या लावलीया!" हे बाहेर धावले.

"ठावं हाय मला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पर हात ऱ्हातुय व्हय? तू लढाईवर हुतास तवा इतकी वर्सं रानात हरळीची काडी ठिवली न्हाई म्या. लेक परत आला तर त्याला रान पडीक दिसाय नगं, म्हनून."

गोठ्यात जाऊन यांनीच कुत्र्याचं दावं सोडलं.

पुढं कितीतरी दिवस हे संध्याकाळी हरळी लावत आणि सकाळी सासूबाई ती उपटत. हिरवळीला टकलं कशानं पडली म्हणून कुणी विचारलं, की हे गावातल्या कुत्र्यांना यथेच्छ शिव्या देत.