बाबांची बस

शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या ताईला जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीनं विचारलं, "यंदा कुठला व्हिडिओ गेम आवडला गं तुला?"

"बसचा," ताई म्हणाली.

तिच्या बाबांनी तीस वर्षं बस चालवली होती. लकव्यानं त्यांचं उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. मग तिनं शेजारणीकडून बस चालवायचा गेम मागून आणला आणि टीव्हीला जोडला. बाबांना डाव्या हातानं सरळ रस्ता जमला. पहिल्या स्टॉपवर त्यांनी दार उघडलं, माणसं चढली, तशी बाबांची मान ताठ झाली. पुढच्या वळणाला मात्र दोन्ही हात हवे होते. बस दुभाजकावर चढून अडकली आणि पडद्यावरचे प्रवासी ओरडू लागले. ताई मदतीला गेली, तर बाबांनी तिचा हात झटकला. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. तो काही हलेना. शेवटी तिनंच टीव्ही बंद केला.

"अगं, मग यात आवडण्यासारखं काय?"

"पहिल्या स्टॉपपर्यंत ते ड्रायव्हर होते ना!"

"आता खेळतात?"

"रोज विचारते मी. ते भिंतीकडे तोंड फिरवतात," ताई म्हणाली आणि तिनं डबा तसाच झाकून ठेवला.