काळ्या रंगाखाली निघालेला निळा रंग
मंडळी, आज सकाळी लेकीबरोबर तिच्या कारसाठी पॉलिशिंग मशीन घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने एकाच वेगाचं मशीन आणि लोकरीचं पॅड पुढे केलं. मी ते मागे सारलं, वेग कमी-जास्त होणारं मशीन आणि मऊ फोमचं पॅड घेतलं. लेक म्हणाली, "बाबा, एवढे घाबरलात कशाला?"

सांगतो. १९७२ साली मी श्रीरामपुरात एका गॅरेजात रंगकाम करायचो. एक डॉक्टर नुकतीच विकत घेतलेली जुनी काळी ॲम्बेसेडर पॉलिशला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बायकामुलांना घेऊन त्यांना नाशिकला जायचं होतं. घाई होती, म्हणून हाताने घासायचं सोडून मी लोखंड घासायच्या, एकाच भरधाव वेगाने फिरणाऱ्या ग्राइंडरलाच लोकरीचं पॅड लावलं.

मिनिटभरात बॉनेटच्या कडेचा रंग उडाला. खाली निळा रंग, आणि त्याखाली पोचे बुजवायच्या पुट्टीचा जाड थर!

"आरं, काय केलंस हे?" गॅरेजचे मिस्त्री ओरडले. मी झटकन ग्राइंडर बंद केला.

डॉक्टर वाकून बघत राहिले. "विकणाऱ्याने मला तर सांगितलं होतं, गाडीला कधी ओरखडासुद्धा गेलेला नाही."

मिस्त्री गाडीखाली शिरले आणि घाम पुसतच बाहेर आले. "डॉक्टरसायेब, गाडी लई जोरात धडकलेली हाय. चाकाजवळचं वेल्डिंग तडकलंय. ही लांब न्हेऊ नका."

डॉक्टरांनी गाडीची किल्ली मिस्त्रींच्या हातात ठेवली. एवढंच म्हणाले, "उद्या पोरं मागे बसली असती."

जुनी गाडी घेताना तुम्ही चकाकी बघता, की कुणाला तरी खाली शिरून बघायला सांगता?