पुतळाबायने आणलेली बस

आमच्या गावात बस आणली ती पुतळाबायने. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, कारण स्टॉपवरच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं आहे. पण मी तेव्हा नुकती लग्न होऊन या गावात आले होते आणि सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. पुतळाबायची जिवाभावाची मैत्रीण मैना, ती माझी सासू. दोघी एकत्र मासळी विकायला जायच्या.

शिरवण्याच्या पलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. पूर्वी मिठागरांमधल्या बांधावरून पायवाट होती, तेवढीच. सत्तर साली नवं शहर होणार असं जाहीर झालं, जमिनी गेल्या, खाजणात भराव पडला, आणि गावाच्या कडेने डांबरी रस्ता आला. या रस्त्यात पुतळाबायच्या नवऱ्याचं शेत गेलं. तेव्हा ती म्हणाली होती, "जाऊ दे. रस्ता आला तर गाडी येईल. पाय तरी वाचतील."

रस्ता आला, गाडी आली नाही. माती वाहणारे डंपर यायचे, साहेबांच्या जीपा यायच्या. बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन त्याच रस्त्याच्या कडेने वाशीपर्यंत चालत जायच्या. वाशीला नवे सेक्टर वसत होते. तिथे घाटावरची, कोकणातली माणसं येऊन राहिली होती, त्यांना ताजी कोलंबी, बोय, चिंबोरी दारात मिळाली तर हवीच होती. गिऱ्हाईक चांगलं होतं, पण वाट मोठी. उन्हाळ्यात डांबर तापायचं, बर्फ वितळून मासळीचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं.

पुतळाबाय या चालण्याला सरावलेली होती. आई गेली तेव्हा ती स्वतःच परकर-पोलक्यातली पोर होती आणि भाऊ जयदेव रांगत होता. बाप खाडीवर जायचा. हिने भावाला कडेवर घेऊन चूल सांभाळली, पुढे पाटी उचलली. गावातल्या गावातच लग्न झालं, तरी बापाच्या घरचं स्वयंपाकपाणी तिने सोडलं नाही. जयदेव शाळेत हुशार निघाला. तिने त्याला बेलापूरला शिकवला, मॅट्रिक केला. आमच्या आळीतला पहिला मॅट्रिक. निकालाच्या दिवशी तिने वाटेत भेटेल त्याला साखर वाटली होती, असं माझी सासू सांगायची.

जयदेव तुर्भ्याच्या एका कारखान्यात कारकून झाला. इस्त्रीची पँट, खिशाला पेन. घरातही तो "हाय" सोडून "आहे" म्हणायला लागला. गावाची समिती झाली तेव्हा सगळ्यांनी त्यालाच सेक्रेटरी केलं, कारण साहेबलोकांशी बोलायचं तर दुसरं होतं कोण? पुतळाबायला त्याचा फार अभिमान. कुणी काही अडचण सांगितली की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "जयदेवला सांगते."

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात एका डंपरने माझ्या सासूला उडवलं. जीव वाचला, पण पाऊल चेचलं. पाटी रस्त्यावर उपडी, कोलंबी डांबरात दबलेली. पुतळाबाय शेजारीच चालत होती. तिने सासूला उचलून कडेला बसवलं, आपल्या लुगड्याचा काठ फाडून पाय बांधला. मग ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि आपली पाटी खाली ठेवली. मागच्या बायकांना म्हणाली, "ठेवा गं सगळ्या. आज कुनी पुढं जायाचं नाय."

एकीपाठोपाठ एक पाटी रस्त्यात आडवी लागली. डंपर थांबले, त्यांच्या मागे जीपा थांबल्या. हॉर्न वाजत होते, ऊन चढत होतं, मासळी नासत होती. पोलीस आले, नंतर एक साहेब आला. पुतळाबाय उठली नाही.

"काय पाहिजे तुम्हाला?" साहेबाने विचारलं.

"बस पायजे."

तेवढ्यात कारखान्यातून जयदेव धावत आला. त्याने साहेबाशी बोलून घेतलं आणि बहिणीजवळ वाकून म्हणाला, "बाय, ते मीटिंगला बोलावतायत. आता ऊठ. पुढचं मी बघतो."

त्याच्या शब्दावर ती उठली, आणि ती उठली म्हणून बाकीच्या उठल्या.

मीटिंगला जयदेव, समितीतले वयस्कर भगवानतात्या आणि आणखी एक जण गेले. पुतळाबायने मी पण येते म्हटलं, तर जयदेव हसला. "तिथं बायकांचं काय काम? मी आहे ना." मीटिंगा बऱ्याच झाल्या. शेवटी शिमग्याच्या सुमारास तो बातमी घेऊन आला, बस मंजूर झाली! पुतळाबायने त्या दिवशी खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण केलं आणि भावाला पुढ्यात बसवून वाढलं. तो जास्त जेवला नाही. दमला असेल, असं तिला वाटलं.

बस आली त्या दिवशी गाव लोटलं होतं. आंब्याच्या पानांचं तोरण, ताशा, लहान पोरांचा गलका. जयदेवने बहिणीच्या हातात नारळ दिला. "बाय, नारळ तूच फोड." लंगडत का होईना, माझी सासूही काठी टेकत आली होती. पुतळाबायने नारळ फोडला, बसच्या काचेला कुंकू लावलं. इतकी हसताना मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि आणखी काही बायका पाट्या घेऊन स्टॉपवर उभ्या राहिल्या. सासूचा पाय तसा, म्हणून तिच्या वाटची पाटी माझ्या डोक्यावर होती. बस आली. पुतळाबायने पहिली पायरी चढून पाटी आत ठेवली, तर कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, मासळी चढणार नाही. खाली घ्या ती."

"आरं, मागं ठेवतो आमी. कुनाला लागनार नाय."

"मागं नाय, पुढं नाय. मासळी घेऊन बसमध्ये यायचं नाही, तसं ठरलंय."

"कुनी ठरवलं?"

"तुमच्या समितीनेच. मला काय विचारता? ते बसलेत ना तुमचे सेक्रेटरी, त्यांना विचारा."

आम्ही सगळ्यांनीच आत बघितलं. पुढच्या बाकावर, खिडकीशी जयदेव बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डबा. तो पलीकडच्या मिठागराकडे बघत होता. गावातली दोन-चार पोरंही बसमध्ये होती.

"जयदेव," पुतळाबाय म्हणाली.

त्याला वळावंच लागलं. "बाय, आता घरी जा. संध्याकाळी बोलू आपण."

तिने पाटी उचलली. कंडक्टरने घंटी मारली आणि बस गेली. मग पुतळाबायने चुंबळ नीट केली, पाटी डोक्यावर चढवली आणि वाशीच्या दिशेने चालायला लागली. आम्हीही तिच्या मागे.

संध्याकाळी जयदेव तिच्या ओट्यावर आला. सासूने तिच्याकडून आणलेलं भांडं परत द्यायला मी गेले होते, म्हणून माझ्या कानावर पडलं.

"साहेबांनीच अट घातली, बाय. मासळी चढवाल तर बस नाही म्हणाले. मी काय करणार होतो? पोरं शाळेत जातील, माणसं कामाला जातील. गावाचं बघायला नको?"

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मंग मला येऊन सांगायचं व्हतंस. मीच बोलले असते, येऊ दे बस, आमी चालू. नारळ कशाला फोडून घेतलास माज्याकडून?"

"तू नाराज झाली असतीस."

"बरं," ती म्हणाली. "जेवून जा."

तिने त्याला माफ केलं, एवढंच नाही, तर त्याची बाजू घेतली. मासळी निवडताना बायका जयदेवला शिव्या द्यायच्या. ही मध्ये पडायची. "त्याच्या हातात काय व्हतं गं? सायबाचा हुकूम. त्याला पन वाईट वाटतंय." माझी सासू फणकाऱ्याने म्हणायची, "पुतळे, तुजा भाऊ हाय तो, म्हनून बोलतेस." त्यावर पुतळाबाय चिडायची. दोघींमध्ये पहिल्यांदा अबोला धरला गेला तो यावरून. बस रोज यायची, भरून जायची, आणि आम्ही तिच्या धुरातून चालायचो. पुतळाबाय एकटी पुढे, बाकीच्या जरा मागे.

श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भगवानतात्या तिच्या दारात आले. म्हातारा आजारी होता. त्या वर्षी खाडीवर नारळ द्यायला जाता येणार नाही, म्हणून आपल्या घरचा नारळ तिच्याकडे ठेवायला आला होता. ठेवला, पण उठेना.

"पुतळे, एक सांगतो. मनात ठेवून मरायचं नाय मला."

"काय झालं, तात्या?"

"त्या मीटिंगला सायबानं आपनहून विचारलं व्हतं, मासळीवाल्या बायांचं काय करायचं? बोलला, मागचं दार हाय, मागं दोन बाकं काढून जागा करून देऊ. तुजा भाऊ बोलला, नको साहेब, सगळी बस घान होईल. नवीन लोक बसनार नायत. मासळी नकोच, असं आमचं गाव लिहून देतं."

पुतळाबायने तो नारळ उचलून देवापुढे ठेवला.

"मी तिथं बसलेला व्हतो," तात्या म्हणाले. "भावाबहिनीच्या मधी कशाला पडू म्हनून गप बसलो."

तात्या गेल्यावर ती उठली आणि तडक जयदेवच्या घरी गेली. जाताना आमच्या दारावरून गेली, सासूला म्हणाली, "मैने, चल माज्याबरोबर." इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर पहिला शब्द. सासूने काठी घेतली. मी तिला धरून निघाले.

जयदेव नव्या घराच्या भिंतीवर पाणी मारत होता. बहिणीकडे बघून त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने बादली खाली ठेवली.

"सायेब बोलला का तू?" तिने विचारलं.

"कोण म्हणालं तुला?"

"सायेब बोलला का तू?"

तो भिंतीकडे वळला. मग एकदम बोलायला लागला, जणू कितीतरी वर्षांचं साठलेलं बाहेर पडत होतं. "मी बोललो. हो, मीच बोललो. तुला काय माहीत, बाय? शाळेत डब्याला तू सुकट द्यायचीस. मी डबा उघडला की बाकावरची पोरं उठून जायची. कारखान्यात आजही मी बसलो की शेजारचा नाकाला रुमाल लावतो, वास नसला तरी लावतो. एक बस आली गावात. तिच्यात तरी मला माणसासारखं बसू दे, असं वाटलं. चुकलं का माझं?"

पुतळाबाय म्हणाली, "मंग तवाच सांगायचं व्हतंस रे. तुला भाकरीवर मीठ दिलं असतं मी. सुकट कशाला दिली असती?"

"बाय..."

"वास येतो तर येतो बोल. पन सायबावर कशाला घातलंस? मी तुज्यासाठी या मैनेशी भांडले. सगळ्या बायांना खोटं सांगत फिरले मी."

जयदेव पुढे आला, तिचा हात धरायला. तिने हात मागे घेतला आणि आमच्याबरोबर परत आली. वाटेत सासू म्हणाली, "मला ठाव व्हतं गं, पुतळे. तात्यांबरोबर तिसरा गेलेला, त्याच्या घरून सगळ्या आळीला कळलं व्हतं. पन तुला कसं सांगनार?" यावर पुतळाबाय थांबली. सगळ्यांना ठाऊक होतं, आपल्यालाच नव्हतं, हे तिला तिथे, रस्त्यातच कळलं. मग ती आमच्यापुढे झपझप चालत निघून गेली.

सण उरकल्यावर तिने मासळी निवडायला बसलेल्या बायकांना खरं ते सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, रडली नाही. काहींनी तिचं ऐकून घेतलं, दोघीतिघींनी पाठ फिरवली, त्या कितीतरी महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. नंतर तिनेच वाशीला पंढरी नावाचा टेम्पोवाला गाठला. तो घाटावरचा, सकाळी गावाकडे विटा टाकून रिकामा परत जायचा. "बसा की मावशी, मला काय वासाचं," असं तो म्हणाला. तेव्हापासून आम्ही टेम्पोत मागे, पाट्यांच्या मध्ये बसून जायला लागलो. आमच्या शेजारून बस जायची. पुतळाबाय तिच्याकडे बघायची नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला जयदेव आला. नवी साडी घेऊन आला. तिने पाट मांडला, ओवाळलं, कपाळाला टिळा लावला. सणाला दारात आलेल्या भावाला परत पाठवण्यातली ती नव्हती. मग ताट वाढलं. वरण, भात, भोपळ्याची भाजी.

जयदेव ताटाकडे बघत राहिला. "मासळी नाही केलीस?"

"नाय. तुज्या कपड्याला वास लागंल."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही, अगदी साध्या आवाजात म्हटलं, म्हणूनच त्याला ते फार लागलं असावं. तो कसाबसा जेवला. पुढच्या वर्षी त्याने साडी मुलाबरोबर पाठवली.

पुढे सेक्टर वाढले, एका बसच्या चार बस झाल्या. जयदेव मोठा झाला, गावचा पुढारी झाला. स्टॉपला पत्र्याची शेड आली, तिच्यावर त्याचं नाव आलं. त्याच्या सभेत तो सांगायचा, माझ्या बहिणीने रस्त्यावर बसून ही बस आणली. टाळ्या पडायच्या. पुतळाबाय त्या सभांना गेली नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात मात्र आत्या म्हणून जे जे करायचं ते तिने सगळं केलं, हळद लावली, पोरीला जवळ घेऊन रडली. भावाशी बोलली ती कामापुरती.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीपर्यंत खाडीचं पाणी बिघडलं, जाळ्यात पूर्वीसारखं काही येईना. पुतळाबायने पाटी ठेवून दिली. तिच्या मुलाला वाशीच्या मार्केटमध्ये ओटा मिळाला, तिथे तो बाहेरची मासळी आणून विकतो. ती दुपारची ओट्यावर बसलेली असते. एकदा मी तिला विचारलं, पुतळाबाय, अजून राग आहे का जयदेवदादांवर?

ती म्हणाली, "राग कसला? भाऊ हाय माजा. पोरं बसनं शाळेला जातात, चांगलंच झालं." मग म्हणाली, "पन आता मी त्याला काय सांगत नाय. पाय दुखला तरी सांगत नाय."